पोळा श्रावणात की भादोत?

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे : "चौथीच्या मुलांना 'आमचा पोळा' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. एका मुलानं लिहिलं, 'पोळा भादोच्या अमावसेला येतो.' भादो म्हणजे भाद्रपद. त्याचं आजोळ छत्तीसगडात डोंगरगडकडे आहे. आपला पोळा तर श्रावणाच्या अमावसेला, म्हणून लाल शाई लावायला गेले आणि थांबले, कारण त्याच्या मामाच्या घरच्या कॅलेंडरात खरंच तसं छापलेलं असतं म्हणे. त्यावर एका मुलीनं आणखी विचारलं की चंद्र २७ दिवसांत फेरी मारतो असं पुस्तकात आहे, मग चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा कसा? यातलं बरोबर काय?"

ताई, शाई लावली नाहीत हे फार चांगलं केलंत. मुलगा बरोबर आहे, तुम्हीही बरोबर आहात, आणि त्या मुलीचा प्रश्न तर दोघांच्याही मुळाशी जाणारा आहे. म्हणून आधी तिलाच उत्तर देतो.

'महिना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'माह' म्हणजे चंद्र आणि 'माह' म्हणजे महिनाही. 'दरमहा'मध्ये तोच माह बसलेला आहे. संस्कृतातला 'मास' त्याचा सख्खा भाऊ, आणि 'चंद्रमा'मधला 'मा' त्याच घरातला. म्हणजे फारसी घ्या की संस्कृत, महिना या शब्दाच्या पोटात चंद्रच आहे. दिवसांचा आकडा त्यात कुठेही नाही. महिना म्हणजे चंद्र परत आला. आता परत आला म्हणजे कशाशी परत आला, हे विचारल्याशिवाय दिवस मोजता येत नाहीत. २७ आणि २९ यांचं भांडण इथूनच सुरू होतं.

वर्गात हे सांगायला धानाची चुरणी उपयोगी पडेल. आता मळणीयंत्रं आली, पण बैलांची पात मेढीभोवती फिरताना पाहिलेले आजोबा तुमच्या गावात नक्की असतील. मेढ, म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, ही झाली पृथ्वी. मेढीला बांधलेला बैल म्हणजे चंद्र. खळ्याबाहेर, लांब, एक मोहाचं झाड आहे. ते झालं आकाशातलं नक्षत्र. बैल मोहाच्या झाडासमोरून निघाला आणि फिरून पुन्हा त्याच झाडासमोर आला की त्याची एक फेरी पूर्ण झाली. चंद्राला या फेरीला २७ दिवस ७ तास ४३ मिनिटं लागतात. हा नाक्षत्रमास. नक्षत्रं सत्तावीस का, याचं उत्तरही यातच आहे : रोज रात्री चंद्राचा मुक्काम एकेका नक्षत्रात, म्हणून सत्तावीस घरं.

आता खळ्याच्या कडेनं, बैलाच्याच दिशेनं, एक माणूस हातात कंदील घेऊन अगदी सावकाश चालतो आहे असं समजा. हा सूर्य. बैल आणि कंदीलवाला दोघंही मोहाच्या झाडासमोरून एकाच वेळी निघाले. बैल फेरी मारून झाडाशी परत आला तेव्हा कंदीलवाला तिथे थोडाच थांबलेला असणार? तो तेवढ्या वेळात सुमारे २७ अंश पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला बैलाला आणखी सव्वादोन दिवस चालावं लागतं. मेढीवरून पाहिलं तर बैल आणि कंदील पुन्हा एका रेषेत आले, म्हणजे अवस. या अवसेपासून त्या अवसेपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं. हाच चांद्रमास. 'अमावास्या' या शब्दातही तेच आहे : 'अमा' म्हणजे एकत्र, 'वस्' म्हणजे राहणे. चंद्र आणि सूर्य एका घरात राहतात ती तिथी.

सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात हा हिशेब एका वजाबाकीत मांडला आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. महायुग म्हणजे कालगणनेतलं एक प्रचंड मोठं एकक. एका महायुगात चंद्राच्या फेऱ्या ५,७७,५३,३३६ आणि सूर्याच्या ४३,२०,०००. चंद्र सूर्याला किती वेळा गाठणार? जितक्या फेऱ्या त्यानं सूर्यापेक्षा जास्त मारल्या तितक्या वेळा. वजा करा : ५,३४,३३,३३६. एवढे चांद्रमास. त्याच ग्रंथात महायुगाचे दिवस दिले आहेत १,५७,७९,१७,८२८. भागाकार केला की २९.५३०५८८ येतात. आजच्या मोजणीशी हा आकडा पहिल्या पाच दशांश स्थळांपर्यंत जुळतो. चौथीच्या मुलांना भागाकार झेपणार नाही, पण वजाबाकी फळ्यावर जरूर करून घ्या.

माझा आग्रह असा की 'चांद्रमास' हा शब्द साडेएकोणतीस दिवसांसाठीच राखून ठेवावा आणि २७ दिवसांच्या फेरीला 'नाक्षत्रमास' म्हणावं, किंवा सरळ 'चंद्राची फेरी' म्हणावं. 'चंद्राला पृथ्वीभोवती फिरायला एक महिना लागतो' हे वाक्य आपण सहज बोलतो, आणि त्या मुलीसारखी चौकस पोर नेमकी तिथे अडखळते. ती अडखळली यात तिची चूक नाही, वाक्य सैल आहे.

चंद्राचे आणखीही महिने आहेत. त्याची वाट पूर्ण गोल नाही, त्यामुळे तो कधी पृथ्वीच्या जवळ येतो, कधी लांब जातो. एकदा जवळ आल्यापासून पुन्हा तितकाच जवळ येईपर्यंत सुमारे साडेसत्तावीस दिवस जातात. राहू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते त्यांपैकी एक बिंदू. राहूपासून निघून पुन्हा राहूपर्यंत यायला २७ दिवस ५ तास लागतात. फेरीपेक्षा हे कमी, कारण राहू स्वतःच उलट्या दिशेनं, चंद्राला सामोरा, सरकत असतो. ग्रहणांना हाच महिना लागतो. २२३ चांद्रमास आणि राहूचे २४२ महिने जवळजवळ बरोबरीनं संपतात, म्हणून १८ वर्षं ११ दिवसांनी तशाच प्रकारचं ग्रहण पुन्हा येतं. बोलीत यांना वेगळी नावं पडली नाहीत, कारण पंचांग करणाऱ्याशिवाय कुणाला त्यांची गरज पडली नाही.

एक नाव मात्र तुमच्या भागात घोटाळा करतं, ते 'सावन'. पंचांगाच्या प्रस्तावनेत 'सावन मास' असं दिसलं तर तो श्रावण नव्हे. तो संस्कृत 'सवन' या यज्ञातल्या शब्दावरून आलेला, सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच्या ३० दिवसांचा महिना. त्याचा चंद्राशी संबंधच नाही. बालाघाटकडे म्हणतात तो 'सावन' श्रावणाचा अपभ्रंश. अक्षरं तीच, पण दोन वेगळ्या शब्दांची वळणं एका ठिकाणी येऊन पोहोचली.

आता पोळा.

महिना साडेएकोणतीस दिवसांचा यावर सगळ्यांचं एकमत आहे. वाद आहे तो कापायचा कुठे याचा. महिन्याला दोन पाख असतात, चांदणं आणि अंधारं. पाख म्हणजे पक्ष, म्हणजे पंख. पाखरू त्याच शब्दातून आलं. पाखराचा कोणता पंख आधी मोजायचा? आपण चांदणा आधी मोजतो आणि अवसेला महिना संपवतो. हा अमान्त महिना. नर्मदेकडे, छत्तीसगडात, पुढे उत्तर प्रदेश-बिहारात अंधारा आधी मोजतात आणि पुनवेला महिना संपवतात. हा पौर्णिमान्त.

यातून होतं असं की चांदण्या पाखाचं नाव दोन्हीकडे एकच राहतं आणि अंधाऱ्या पाखाचं बदलतं. राखीची पुनव इथेही श्रावणाची, तिथेही सावनाची. तिच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे श्रावण वद्य सुरू होतं, आणि सीमेपलीकडे भादो लागतो. म्हणून त्याच पाखाच्या शेवटी येणारी पोळ्याची अवस आपली श्रावणाची आणि त्या मुलाच्या मामाची भादोची. बैल त्याच दिवशी सजतात.

आपल्या लोकांना हे नवीन नाही, फक्त नाव ठाऊक नसतं. श्रावणातल्या नागपंचमीला विदर्भातून माणसं पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातात. चांदणं पाख असल्यामुळे तिथल्या दुकानदाराचा महिना आणि यात्रेकरूचा महिना एकच. तीच माणसं महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन पचमढीजवळचा चौरागड चढतात तेव्हा घरून माघ वद्य चतुर्दशीला निघालेली असतात आणि पोहोचतात ते फाल्गुनात. दिवाळीचंही तसंच. लक्ष्मीपूजन आपलं आश्विनात, त्यांचं कार्तिकात. भाऊबीज मात्र दोघांचीही कार्तिकातली, म्हणून भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, मंडया (गावोगावच्या जत्रा) भरू लागल्या की सीमेपलीकडून आलेल्या पाहुण्याशी महिन्याचा वाद होत नाही.

आणखी एक गंमत नकाशावर पाहा. सालेकशाहून पूर्वेला गेलं की पोळ्याचा श्रावण भादो होतो. पण गडचिरोलीच्या टोकाला सिरोंच्याला जा, प्राणहिता ओलांडा, तर तेलुगूत त्याच दिवसाला 'पोलाला अमावास्या' म्हणतात आणि ती श्रावणाचीच असते, कारण तेलुगू पंचांगही अमान्त आहे. एका जिल्ह्याची सीमा ओलांडली तर भाषा बदलते आणि महिना टिकतो. दुसऱ्याची ओलांडली तर महिनाच बदलतो.

यातलं जुनं कोणतं, असं कुणी तरी विचारणारच. अमरकोशात 'पक्षौ पूर्वापरौ शुक्लकृष्णौ' असं आहे : आधी शुक्ल, मग कृष्ण. हे आपल्या बाजूचं. पाणिनीनं महिन्यांची नावं पुनवेच्या नक्षत्रावरून साधली : ज्या महिन्याची पुनव चित्रा नक्षत्रावर तो चैत्र, श्रवणावर तो श्रावण. यात पुनवेला मान आहे, पण तिथे महिना संपतो असं तो सांगत नाही. मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो तो अवसेसमोर छापलेला आकडा. पंचांगात अवसेसमोर ३० लिहितात, आणि हे उत्तरेकडच्या पंचांगांतही तसंच. तिथे अवस महिन्याच्या मध्यावर येते, तरी तिचा आकडा ३०. आणि विक्रम संवताचं वर्षही तिकडे चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच बदलतं, म्हणजे त्यांचा अर्धा चैत्र जुन्या वर्षात जातो. अमान्त मोजणीच्या खुणा त्यांच्याही घरात आहेत.

आपण तारखेत 'शुद्ध' आणि 'वद्य' लिहितो, तेही 'शुदि' आणि 'वदि' या जुन्या लेखनातल्या संक्षेपांवरून. शुक्लपक्षाचा दिन तो शुदि, बहुलपक्षाचा दिन तो वदि. पुढे संक्षेपांचेच शब्द झाले. वद्य पक्षात वाईट असं काही नाही, हेही मुलांना सांगा. काही घरांत तसा समज असतो.

धोंड्याच्या महिन्यात हा फरक आणखी रुंदावतो. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, सौर वर्षापेक्षा अकरा कमी, म्हणून साधारण तेहतिसाव्या महिन्याला एक जादा धरावा लागतो. २०२३ साली तो श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. पौर्णिमान्तात अधिक महिना नेहमीच्या महिन्याच्या दोन पाखांच्या मध्ये बसतो, त्यामुळे तिकडचा सावन ४ जुलैला लागून ३१ ऑगस्टला संपला. छत्तीसगडात सावनाचा पहिला सोमवार १० जुलैला झाला आणि आपला निज, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या, श्रावणातला पहिला सोमवार २१ ऑगस्टला. सहा आठवड्यांचं अंतर! पोळा मात्र १४ सप्टेंबरला दोन्हीकडे.

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण याच महिन्याची आहे. आमच्याकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत असायचं. धोंड्याच्या वर्षी तो तेरा महिने राबायचा आणि ठरलेलं साल तेवढंच. माझे आजोबा त्या वर्षी त्याच्या घरी ज्वारीच्या काही पायल्या जास्त पोचवायचे, आणि आजी म्हणायची, 'त्याचा धोंडा आहे तो.' त्या घरातल्या पोटांनी तेरावा महिना मोजलेला असायचा.

गावातले मुसलमान शेजारी तिसऱ्याच पद्धतीनं महिना कापतात. अवस दिसत नाही, म्हणून ती धरायचीच नाही. संध्याकाळी पश्चिमेला कोर डोळ्यांनी दिसली की महिना लागला. २९ दिवस किंवा ३०. अधिक महिना ते धरत नाहीत, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो. तुमच्या वर्गात अशा घरचं मूल असेल तर चंद्रकोर पाहायला कुठे उभं राहायचं हे तेच इतरांना दाखवील.

त्या वहीवर मी असं लिहीन : 'आपल्या पंचांगात श्रावण वद्य ३०, मामाच्या पंचांगात भादो बदी ३०. दोन्ही बरोबर.' आणि जमलं तर त्याला मामाच्या घरचं कॅलेंडर वर्गात आणायला सांगा, आपलं शेजारी टांगा, आणि पोरांना दोन्हीकडची सारखी चौकट शोधू द्या.