नदीकाठच्या गावात पूरपथक उभारताना

गावात पूरपथक उभे करण्याचे तुम्ही मनावर घेतलेत, याचा मनापासून आनंद झाला. मात्र सुरुवात बोट आणि लाइफ जॅकेटच्या खरेदीपासून करू नका. नवी पथके बहुधा इथेच चुकतात आणि साहित्य ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलूपबंद पडून राहते.

पहिले काम यादीचे. मे महिन्यातच घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि डायलिसिसवरचे रुग्ण यांची नोंद एका वहीत करा आणि प्रत्येकाला बाहेर काढण्याची जबाबदारी नावानिशी एकेका शेजाऱ्यावर सोपवा. त्याच वहीत जनावरेही मोजा, कारण 2019 च्या महापुरात कृष्णा-पंचगंगाकाठी कित्येकांचा पाय घरातून निघाला नाही तो गोठ्यातल्या म्हशींपायी. दावण आणि वैरणीची सोय उंचावर कुठे, हे आधी ठरले तर माणसे वेळेवर निघतात.

दुसरे, निघण्याची पातळी ठरवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी; पण तिथे किती फूट पाणी असताना तुमचा रस्ता बुडतो, हे जुन्याजाणत्यांना विचारून शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. पाणी दारात येईपर्यंत थांबले की सगळे एकाच नावेत चढतात. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला 2019 मध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली नाव उलटली आणि हकनाक जीव गेले.

दोरखंडाच्या गाठी आणि बोट चालवणे पुढच्या वर्षी शिकू. यंदा वही पुरी करा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा रंगीत तालीम घ्या.