त्या तान्ह्या जिवाचं काय?

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या भाच्याविषयी तू लिहिलंस. ज्याने डोळेही नीट उघडले नव्हते, त्याला पापी म्हणायचं कसं, हा तुझा प्रश्न मी दोन दिवस मनात घेऊन बसलो आहे.

आदिपाप म्हणजे त्या बाळाने केलेलं पाप नव्हे. कॅथलिक शिकवण म्हणते, की ते हातून घडत नाही, वाट्याला येतं. ती कृती नाही, अवस्था आहे. देवाशी असलेली जवळीक आदामापाशी तुटली आणि त्या तुटलेपणातच आपण सगळे जन्मतो. दोष बाळाचा नाही, उणीव मात्र त्याच्याही वाट्याची.

तुला टोचतंय ते जन्मजात अपराधीपण, आणि त्यामागे ऑगस्टीन आहे, चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप आणि धर्मपंडित. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (5:12) मूळ ग्रीक बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केले’ असं वाचतात. ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात ते ‘ज्याच्यात (म्हणजे आदामात) सर्वांनी पाप केले’ असं होतं. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांनाही, अगदी सौम्य का होईना, शिक्षा असते असं तो मानत होता. इथे तो चुकला, असं मला वाटतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाकडून मृत्यू आणि दुबळेपण आलं असं मानतात, त्याचा अपराध नव्हे.

तरी ऑगस्टीनला सोडू नकोस. माणूस स्वतःच्या बळावर पापाविना जगू शकतो, असं त्याच्याच काळातला धर्मोपदेशक पेलाजियस सांगत होता. ऐकायला हे किती उमेदीचं! पण जो पडतो, त्याने मग कोणाकडे बघायचं? ऑगस्टीन रात्रंदिवस झगडला तो यासाठी, की देव आपल्या चांगुलपणाची वाट पाहत थांबत नाही. आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मसभेने 529 मध्ये तेच म्हटलं: श्रद्धेचा पहिला अंकुरसुद्धा कृपेचाच. मग ज्याच्यापाशी दाखवायला काहीच नाही, त्या बाळाहून कृपेला जवळचं कोण?

‘लिंबो’चं, म्हणजे बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं स्वर्गाबाहेरच राहतात या कल्पनेचं, भय मनातून काढ. तो कधीच बंधनकारक सिद्धान्त नव्हता. व्हॅटिकनच्या ईश्वरविद्या आयोगाने 2007 मध्ये अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं लिहिलं. खात्री नाही म्हटलं, आशा म्हटलं. मला ते प्रामाणिक वाटतं.

बहिणीला यातलं काही समजावायला जाऊ नकोस. तिच्याजवळ बस. तिने विचारलंच, तर मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला तो भाग वाचून दाखव, जिथे शिष्य अडवत असताना येशू बाळकांना कवेत घेतो.

तुझा,
काका