सांगलीतील ऊसशेतीसाठीच्या ओलावामापकाचा लिनक्स ड्रायव्हर: मॉड्यूल काढताना यंत्र का गोठते?

ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, चालू असताना जोडता-काढता येणारा भाग) काढताना कधी यंत्र गोठते आणि कधी केसॅन (कर्नलमधील मेमरीच्या चुका पकडणारे साधन, KASAN) 'मुक्त केलेली मेमरी वापरली' असा अहवाल देतो, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते ही दोन्ही लक्षणे बहुधा एकाच ठिकाणची आहेत. लॉक (एका वेळी एकालाच माहिती हाताळू देणारे कुलूप) माहितीची सुसंगती राखतो, परंतु त्या माहितीची मेमरी किती काळ जिवंत राहील हे तो ठरवत नाही. टायमरचे किंवा वर्कक्यूमधील (नंतर करायच्या कामांच्या रांगेतील) काम पूर्ण थांबण्याची वाट न पाहता मेमरी मुक्त केली, तर उशिरा धावलेले काम त्याच मेमरीला हात लावते. उलट, वाट पाहताना आपण तोच लॉक धरून ठेवला असेल जो त्या कामालाही हवा आहे, तर दोघेही एकमेकांसाठी कायमचे अडकतात.

म्हणून आधी इंटरप्ट (उपकरणाकडून प्रोसेसरला येणारा संकेत) सोडा, मग टायमर बंद करा, त्यानंतर वर्कक्यूमधील काम रद्द करा आणि शेवटी मेमरी मुक्त करा. यांतील वाट पाहणारी कोणतीही पायरी लॉक धरून करू नका. काम स्वतःच टायमर पुन्हा लावत असेल, तर कर्नल ६.२ पासून उपलब्ध असलेले टायमर-शटडाउन-सिंक (timer_shutdown_sync) हे फंक्शन वापरावे, कारण त्यानंतर तो टायमर पुन्हा लागतच नाही.

चाचणीच्या कर्नलमध्ये लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारे कर्नलमधील साधन) अवश्य चालू ठेवा. प्रत्यक्ष कोंडी झाली नाही तरी लॉक घेण्याचा धोकादायक क्रम दिसताच ते इशारा देते, आणि हे फार मोलाचे आहे. मेमरी मुक्त करण्यापूर्वी नुसता विलंब घालणे हा उपाय मुळीच नव्हे. त्याने दोष फक्त दुर्मीळ होतो आणि मग शेतात, बांधावर बसवलेल्या यंत्रात उमटतो.