टपाल बंद असले तरी करारातील मुदत थांबते का?

प्रश्न : भोसरीत माझे व्हॉल्व्हचे सुटे भाग तयार करण्याचे छोटे वर्कशॉप आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका परिचित मराठी गृहस्थांशी मी १ नोव्हेंबर २०२२ पासून तीन वर्षांचा एजन्सी करार केला. त्यांनी मिळवून दिलेल्या ऑर्डरवर सहा टक्के कमिशन द्यायचे होते. कराराला भारतीय कायदा लागू आहे. दोघांपैकी कोणीही ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत लेखी नोटीस दिली नाही, तर करार आपोआप आणखी तीन वर्षे चालू राहील, आणि नोटीस ‘रजिस्टर ए.डी.ने, करारात दिलेल्या पत्त्यावर’ द्यावी, अशी अट आहे. ८ सप्टेंबरला मी टपाल कार्यालयात गेलो, तेव्हा काउंटरवर अमेरिकेचे बुकिंग बंद असल्याचे सांगण्यात आले. ते सुरू होईल म्हणून थांबलो. अखेर २८ सप्टेंबरच्या रात्री सही केलेली नोटीस स्कॅन करून ईमेल व व्हॉट्सअॅपने पाठवली. ‘मिळाली. दसऱ्यानंतर बोलू,’ असे त्यांचे उत्तर आले. मूळ प्रत २९ तारखेला कुरिअरने पाठवली, ती ३ ऑक्टोबरला पोहोचली. आता नोव्हेंबरच्या मध्यात त्यांच्या वकिलांचे पत्र आले आहे की, नोटीस रजिस्टर टपालाने दिलेली नसल्यामुळे ती नोटीसच नव्हे आणि करार २०२८ पर्यंत चालू आहे. टपाल बंद होते, यात माझा काय दोष?

उत्तर : आपली बाजू बरीच भक्कम आहे, परंतु ज्या मुद्द्यावर आपण भर देत आहात त्या मुद्द्यामुळे नव्हे. टपाल बंद होते हे खरे असले, तरी तेवढ्याने आपला बचाव होत नाही. आपला बचाव होतो तो ‘मिळाली’ या एका शब्दाने. हा फरक नीट लक्षात घेतल्याशिवाय समोरच्या वकिलांना उत्तर पाठवू नये, कारण चुकीच्या मुद्द्यावर भर देऊन लिहिलेले उत्तर पुढे आपल्याच विरुद्ध वाचून दाखवले जाते.

टपाल खरोखरच बंद होते, याविषयी वाद होण्याचे कारण नाही. आठशे डॉलरपर्यंतच्या वस्तूंवरील आयातशुल्काची माफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. शुल्क कोणी व कसे वसूल करायचे हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्यांनी टपाल नेण्यास असमर्थता दर्शवली, आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे बुकिंग थांबवले. सुरुवातीला पत्रे, दस्तऐवज आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू यांना सूट होती, परंतु ऑगस्टअखेर तीही काढून घेण्यात आली. सेवा पूर्ववत झाली ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे आपली मुदत उलटून गेल्यावर. टपाल खात्याच्या त्या वेळच्या जाहीर सूचना छापून आपल्या फाइलला लावून ठेवाव्यात.

परंतु करारातील मुदत अशा कारणाने आपोआप पुढे सरकत नाही. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला होता, त्यामुळे ‘अडचण असली की मुदत वाढते’ असा समज अनेकांच्या मनात घर करून बसला आहे. ते आदेश दावे, अपिले व अर्ज दाखल करण्याच्या कायदेशीर मुदतींविषयी होते, दोन व्यक्तींनी आपसांत ठरवलेल्या तारखांविषयी नव्हते. भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ मधील अशक्यतेचा आधारही येथे टिकणार नाही, कारण अशक्य झाले होते ते रजिस्टर टपाल, नोटीस देणे नव्हे. कुरिअर चालू होते, हे आपण स्वतःच २९ सप्टेंबरला सिद्ध केले आहे. ८ ते २८ सप्टेंबर हे वीस दिवस आपण काय करत होतात, असा प्रश्न उलटतपासणीत येईल आणि ‘सुरू होईल असे वाटले’ याखेरीज आपल्याजवळ उत्तर नसेल. कॅलटेक्स विरुद्ध भगवानदेवी मारोदिया या खटल्यात (ए.आय.आर. १९६९ सर्वोच्च न्यायालय ४०५) भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचा पर्याय ठरलेल्या मुदतीतच वापरला पाहिजे आणि उशिराबद्दल सवलत मिळाली तर ती खास परिस्थितीतच मिळते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपला करार भाडेपट्टा नाही, पण मुदतीच्या आत न बोलल्यास हक्क जातो ही रचना तीच आहे, आणि स्वतःची हयगय ही खास परिस्थिती मानली जात नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो वकिलांच्या पत्रांतही अनेकदा डोकावतो. पत्र टपालपेटीत टाकले की काम झाले, हा नियम करार कायद्याच्या कलम ४ मधला आहे आणि तो प्रस्तावाच्या स्वीकृतीपुरता आहे. चालू करारातील नोटिशीला तो सरसकट लावता येत नाही. इंग्लंडमधील होलवेल सिक्युरिटीज विरुद्ध ह्यूज या १९७४ च्या खटल्यात जागा विकत घेण्याचा पर्याय ‘लेखी नोटिशीने’ वापरायचा होता. नोटीस रीतसर टपालात टाकली गेली, ती कधीच पोहोचली नाही, आणि तेथील अपील न्यायालयाने पर्याय वापरलाच गेला नाही असे ठरवले. आपल्याकडे पाठवलेले पत्र पोहोचले असावे असे अनुमान न्यायालय काढू शकते, परंतु ते अनुमान टपालाचा नेहमीचा क्रम चालू असण्यावर उभे असते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ मध्ये याचे उदाहरणच दिलेले होते : पत्र टपालात टाकल्याचे सिद्ध झाले आहे, पण गडबडीमुळे टपालाचा नेहमीचा क्रम खंडित झाला होता, ही गोष्टही न्यायालयाने विचारात घ्यावी. आता ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये आहे. दीडशे वर्षांपूर्वी हे उदाहरण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आयातशुल्काचा वाद नक्कीच नसेल, पण नियम आपल्या प्रसंगाला तंतोतंत लागू पडतो. सप्टेंबरमध्ये काउंटरवर कोणी आपले पाकीट चुकून स्वीकारले असते आणि हातात पावती पडली असती, तरी त्या पावतीवर विसंबणे धोक्याचे ठरले असते.

आता आपल्या बाजूच्या मुद्द्यांकडे वळू. नोटिशीला समोरच्याची संमती लागत नाही, ती त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते. रजिस्टर ए.डी.ची अट करारात घातली जाते ती मुख्यतः पोहोचल्याचा पुरावा राहावा म्हणून. जेथे पोहोचणे समोरच्यानेच लेखी कबूल केले आहे, तेथे पुराव्याची ती सोय वापरली नाही एवढ्याने नोटीस रद्द होते असे म्हणणे कठीण आहे, जोपर्यंत करारात तसे स्पष्ट लिहिलेले नाही. मराठीत आपण ज्यासाठी ‘च’ लावतो, ‘रजिस्टर टपालानेच’, त्या अर्थाचा शब्द आपण पाठवलेल्या इंग्रजी कलमात नाही. ‘अन्य मार्गाने दिलेली नोटीस ग्राह्य धरली जाणार नाही’ असे वाक्यही नाही. ते असते, तर माझे मत बरेच सावध झाले असते.

करार कायद्यातील दोन कलमे आपल्या मदतीला येतात. कलम ७ नुसार प्रस्ताव देणाऱ्याने स्वीकृतीची पद्धत ठरवून दिली असेल आणि स्वीकृती तशी आली नसेल, तर त्याने वाजवी वेळेत ‘ठरलेल्या पद्धतीनेच कळवा’ असा आग्रह धरला पाहिजे. तसे न केल्यास त्याने ती स्वीकारली असे मानले जाते. हे कलम शब्दशः स्वीकृतीविषयी आहे, पण त्यामागचे तत्त्व आपल्या प्रकरणात युक्तिवादाला उपयोगी आहे : २८ सप्टेंबरला हरकत घेतली असती, तर दोन दिवस हातात होते, ‘दसऱ्यानंतर बोलू’ म्हणून सुमारे सात आठवडे गप्प बसून मग पद्धतीचा मुद्दा काढणे न्यायालयाला रुचणारे नाही. दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे बोलणे मुदतीनंतर होईल हे त्यांनाही ठाऊक होते. दुसरे कलम ६३, ज्यानुसार आपल्याला मिळायची पूर्तता सोडून देण्याचा किंवा तिच्याऐवजी दुसरे काही स्वीकारण्याचा अधिकार प्रत्येक पक्षाला असतो. समोरचे वकील म्हणतील की करारातील बदल दोघांच्या सहीनेच व्हावा असे कलम आहे. त्यावर उत्तर असे की आपण करार बदलल्याचे म्हणतच नाही, एका प्रसंगापुरती पद्धतीची अट त्यांनी सोडून दिली एवढेच म्हणतो.

आणखी एक मुद्दा त्यांच्या वकिलांच्या नजरेतून सुटलेला दिसतो. २०२५ मध्ये टपाल खात्याने देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आणि नोंदणी ही स्पीड पोस्टवरची जादा सेवा झाली. म्हणजे करार झाला तेव्हा ज्या नावाची सेवा होती, ती देशात त्या स्वरूपात उरली नाही; परदेशी टपालाला हा बदल केव्हा व कितपत लागू झाला, हे मात्र तपासून घ्यावे. यावर संपूर्ण बचाव उभारू नये, पण अटीचा अर्थ तिच्या हेतूवरून लावावा लागेल या आपल्या म्हणण्याला त्याने जोर येतो.

कुरिअरची प्रत ३ ऑक्टोबरला पोहोचली; ती मुदतीबाहेर आहे, त्यामुळे तिचा उल्लेख केवळ पुष्टीसाठी करावा. सगळी भिस्त २८ तारखेच्या ईमेलवर व संदेशावर आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, विशिष्ट ईमेल पत्ता नेमून दिलेला नसेल तर संदेश समोरच्याच्या यंत्रणेत शिरला की तो मिळाला असे मानतात. त्यांच्या उत्तराने हा प्रश्नच मिटवला आहे. आपण रात्री १० वाजून ४० मिनिटांनी पाठवल्याचे लिहिले आहे. त्या वेळी न्यू जर्सीत दुपारचे १ वाजून १० मिनिटे झाले होते आणि तारीख तीच होती, त्यामुळे तारखेचा वादही उद्भवत नाही.

मात्र पुरावा जपावा लागेल. तो मोबाइल विकू नका, बदलू नका, आणि जागा मोकळी करण्यासाठी त्यातील संभाषण पुसू नका. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात, एक आपण द्यायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात त्या नोंदीचे हॅश मूल्य (मजकुरात फेरफार झाल्यास बदलणारी आकड्या-अक्षरांची ओळखखूण) नमूद करावे लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालीही हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले होते. नुसता स्क्रीनशॉट छापून जोडणारे पक्षकार आजही आठवड्याला एक तरी माझ्या टेबलासमोर येऊन बसतात.

वकिलांच्या पत्राला लेखी उत्तर द्यावे, आणि त्यात २८ सप्टेंबरच्या नोटिशीची पुष्टी करावी. घाबरून आज तारखेची ‘नवी’ नोटीस अजिबात पाठवू नये. तसे केल्यास पहिली नोटीस अपुरी होती हे आपणच कबूल केल्यासारखे दिसेल. तिची प्रत टपालानेही पाठवायची असेल तर अवश्य पाठवा, पण ‘आधी दिलेल्या नोटिशीची प्रत, हक्कांस बाधा न येता’ असे शब्द त्यावर असू द्यावेत. आपण ७ नोव्हेंबरला त्यांच्या खात्यात कमिशन भरल्याचे पत्राच्या तळाशी ओझरते लिहिले आहे. हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. ते कमिशन ३१ ऑक्टोबरपूर्वीच्या ऑर्डरचे असेल, तर ऑर्डर क्रमांकासह तसे ताबडतोब कळवा. नाहीतर करार चालू असल्याचा पुरावा म्हणून तीच रक्कम पुढे केली जाईल. नवे दरपत्रकही त्यांना पाठवू नका.

पुढच्या करारासाठी एक कलम सुचवतो. कॅनडामध्ये टपाल कर्मचाऱ्यांचे संप वरचेवर होतात (२०२४ मध्ये १५ नोव्हेंबरपासून १७ डिसेंबरपर्यंत तेथील टपाल ठप्प होते), त्यामुळे तेथील करारांत टपाल खंडित झाल्यास काय करायचे याची तरतूद सर्रास असते. आपल्याकडे ती फारशी कोणी घालत नाही. मजकूर साधारण असा असावा : ‘नोटीस समक्ष, कुरिअरने, नोंदणीकृत स्पीड पोस्टने किंवा खाली दिलेल्या ईमेल पत्त्यावर देता येईल. पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या ठिकाणची टपाल सेवा कोणत्याही कारणाने बंद वा खंडित असेल, तर त्या काळात टपालाने नोटीस देऊ नये. सेवा खंडित होण्यापूर्वीच्या पाच दिवसांत टपालात टाकलेली नोटीस प्रत्यक्ष हाती पडेल तेव्हाच मिळाली असे मानावे. टपाल बंद असल्याने कोणतीही मुदत वाढणार नाही.’ शेवटचे वाक्य कठोर वाटेल, पण ते असू द्यावे. त्यामुळे दोघेही वेळेवर दुसरा मार्ग शोधतात. मात्र पुरासारख्या प्रसंगात, जसे ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत झाले, घेणाऱ्याचे दुकानच पाण्याखाली असते आणि कुरिअरवालाही पोहोचू शकत नाही. अशा ठिकाणच्या पक्षांनी ईमेलचा मार्ग वगळू नये आणि तो पत्ता बदलल्यास कळवण्याची जबाबदारी त्याच्या मालकावर टाकावी.

आपण पाठवलेल्या प्रतीत कराराची शेवटची दोन पाने नाहीत, आणि लवादाचे कलम असलेच तर ते बहुधा तेथेच असेल. उत्तर पाठवण्यापूर्वी ती पाने आपल्या वकिलांना दाखवा. कारण लवादाचे कलम असल्यास पुढची नोटीस लवादाचीच येईल, आणि लेखी सूचना केव्हा मिळाली असे मानायचे याविषयी लवाद कायद्याच्या कलम ३ चे वेगळे नियम आहेत.