जोतिबाची वाट आणि भाजलेले पाय

प्रश्न : चैत्र यात्रेला कोल्हापुरातून जोतिबाला चालत जाते. पोटऱ्या अन् पावलं भाजून निघतात. काय लावू?

उत्तर : लावण्याआधी झाका. घट्ट विणीचा, सैल सुती पायजमा उत्तम. घामाने चिंब झालेल्या पातळ कापडातून मात्र ऊन आत शिरतं. उघड्या भागाला एसपीएफ (उन्हापासून बचावाचं माप) 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन निघण्याआधी वीस मिनिटं, गुडघ्याखाली दर पायाला चहाचा चमचाभर. पुसटसं चोळलं तर निम्मंही काम होत नाही. कोल्हापुरी पायात असेल तर पट्ट्यांमधली कातडी हमखास राहते, शिवाय पट्टा घासून क्रीम निघतं. म्हणून पाऊल झाकणारे मोजे-बूटच बरे. दर दोन तासांनी घाम टिपून पुन्हा लावा. भाजलंच तर गार पाण्याचा कपडा ठेवा, बर्फ नको. फोड फोडू नका.