ताईशी न झालेले बोलणे

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मिळाले. नौपाड्यातला फ्लॅट वडिलांच्या पश्चात तीन वर्षे त्यांच्याच नावावर आहे, तो तुमच्या नावावर करून घेण्यासाठी पंचवीस मिनिटांचे पोमोडोरो, म्हणजे घड्याळ लावून करायचे कामाचे टप्पे, लावून झाले, भिंतीवर कामांची यादी चिकटवून झाली, तरी दर वेळी फाइल कपाटात परत गेली. ही चालढकलीची सवय कशी मोडावी, असे तुम्ही विचारले आहे.

तुम्हाला अशी काही सवय असावी, असे मला वाटत नाही. आयकराचे विवरणपत्र तुम्ही दर वर्षी मुदतीआधी भरता आणि आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी करून घेतलीत, हे त्याच पत्रात आहे. तुमचे अडते ते एकाच ठिकाणी, आणि त्याची बोळवण तुम्ही कंसातल्या एका ओळीत केली आहे : ‘नेरूळच्या ताईची हक्कसोडपत्रावर सही लागेल, पण तिच्याशी अजून बोलणे झालेले नाही.’ तीन भाऊबिजांना तिने तुम्हाला ओवाळले आणि तिन्ही वेळा तुम्ही हा विषय न काढता ठाण्याला परतलात, याचा मला खरोखर राग आला.

वडिलांनी नॉमिनी तुम्हाला केले होते, हे तुम्ही दोनदा लिहिले आहे. नॉमिनी वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळतो, तेवढ्याने तो मालक होत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नाही आणि फ्लॅट त्यांच्या स्वकष्टार्जित पैशांतला आहे. तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, ताई आणि तुम्ही या तिघांचा त्यात सारखा वाटा आहे. ज्या सहीला तुम्ही औपचारिकता समजता, ती करून ताई आपला एक तृतीयांश हिस्सा सोडणार आहे, आणि तो मागताना तिच्या डोळ्यांत काय दिसेल, या धास्तीने तुम्ही फाइल मिटता. टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडले, की माणूस काम टाळतो ते बहुधा त्या कामासोबत येणारी नकोशी भावना त्या क्षणापुरती दूर ठेवण्यासाठी. भावनाच टाळायची असेल, तर घड्याळ लावून काय होणार?

आईचे सगळे मी पाहतो, म्हणून घर माझे, असे तुमच्या मनात असेल तर ते चूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण रात्री-अपरात्री उठणारा माणूस तुम्हीच आहात. मात्र ते ताईसमोर बोला आणि निर्णय तिला घेऊ द्या.

येत्या रविवारी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून नेरूळला जा. फोनवर हे उरकू नका आणि सोबत एकही कागद नेऊ नका. ‘ताई, बाबांच्या घरात तुझा माझ्याइतकाच वाटा आहे, तुला काय करायचे आहे ते मला सांग,’ एवढे आधी म्हणा आणि मग गप्प बसून तिचे पूर्ण ऐका. तिने हिस्सा ठेवायचा म्हटले, तर सोसायटीत तिघांच्या नावाने अर्ज करा. स्वखुशीने सोडायचा म्हटले, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागेल आणि त्याची कागदपत्रे तुम्ही आठवड्याभरात जमवाल, याविषयी मला शंका नाही. आईचे वय तुम्ही अठ्ठ्याहत्तर लिहिले आहे. तिच्याही हिश्शाचा हा प्रश्न असल्याने, निघण्यापूर्वी कुठे आणि कशासाठी जात आहात, ते तिला सांगून जा.