माऊस बाजूला ठेव, मग फॉर्म भर

प्रश्न : मी साताऱ्यात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, थोडं रिअ‍ॅक्ट येतं. माझा एक वर्गमित्र दृष्टिहीन आहे. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म त्याला दरवेळी दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. दिव्यांगांना वापरता येतील अशा वेबसाइट बनवण्याचं काम करावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात, यात नोकऱ्या कुठे आहेत? – एक विद्यार्थिनी

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ (दिव्यांगांनाही वापरता येणं) या नावाची जागा फ्रेशरला क्वचितच मिळते. तू फ्रंटएंड (वेबसाइटचा समोर दिसणारा भाग बनवणं) किंवा टेस्टिंगमधून शिरकाव कर आणि हे कौशल्य सोबत ने. त्याची गरज वाढतेच आहे. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा होताच. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं स्पष्ट केलं. युरोपातला असाच कायदा 28 जून 2025 पासून लागू झाला. तिथल्या ग्राहकांचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांनाही तो टाळता येत नाही.

आता शिकायचं कसं? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर फुकट मिळतो. तो चालू कर, माऊस बाजूला ठेव आणि तोच शिष्यवृत्तीचा फॉर्म नुसत्या टॅबने भरून बघ. रकान्याशेजारी ‘वडिलांचे उत्पन्न’ लिहिलेलं असतं, पण ते लेबल कोडमध्ये रकान्याशी जोडलेलं नसेल तर कानावर फक्त ‘एडिट, ब्लँक’ येतं. काय भरायचं, कळायला मार्ग नाही. ‘सबमिट’ हे खरं बटन नसून क्लिकपुरता रंगवलेला डिव्ह (एचटीएमएलमधला नुसता चौकोन) असेल, तर टॅब तिथे पोहोचतच नाही. दोन्ही चुका दोन-चार ओळींत सुधारतात! म्हणून रिअ‍ॅक्टच्या आधी साधं, अर्थपूर्ण एचटीएमएल पक्कं कर.

मराठीत आणखी एक मोठं काम पडून आहे. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवलेली नसेल, तर स्क्रीन रीडर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो किंवा गाळतो. परिपत्रक स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवलं, तर त्याच्यासाठी ते नुसतं चित्र. मराठी जाणणाऱ्या मुलांनी हे काम हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

महागड्या कोर्सच्या मागे लागू नकोस. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीची डब्ल्यूसीएजी 2.2 ही मार्गदर्शक तत्त्वं नेटवर मोफत आहेत. अ‍ॅक्स, वेव्ह ही तपासणीची साधनंही वापर, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. चित्राला वर्णन आहे की नाही, एवढं ती सांगतात. वर्णन बरोबर आहे का, ते माणसालाच बघावं लागतं. सीपीएसीसी ही अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या प्रमाणपत्राची परीक्षा नोकरी लागल्यावर दे.

मुलाखतीत दाखवायला एक प्रकल्प पुरे : कॉलेजचा प्रवेशफॉर्म घे, अडचणी लिहून काढ, सुधारलेला कोड शेजारी ठेव. मित्र तयार असेल तर त्याच्याकडून तपासून घे आणि अहवालात त्याचं नाव सहतपासनीस म्हणून घाल. तो फॉर्म भरत असताना मदतीला धावू नकोस. शेजारी बस आणि तो कुठे अडतो, ते टिपून घे.